चाचणी सोपी, डॉक्टर अवघड

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपल्याकडे म्हणतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाने ही म्हण उलटी करून टाकली आहे. तो येतो मुंगीच्या पावलाने, बहुधा पन्नाशी-साठीनंतर, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे अंगात मुकाट बसून राहतो. कित्येकांच्या बाबतीत तो अखेरपर्यंत तसाच बसून असतो. माणूस दुसऱ्याच कारणाने जातो आणि आपल्याला हा रोग होता हे त्याला कळतही नाही. काहींच्या बाबतीत मात्र तो उठतो, ग्रंथीबाहेर पडतो, कण्याच्या आणि कमरेच्या हाडांत शिरतो. कोणता बसून राहणार आणि कोणता उठणार हे वेळेवर ओळखणे, हाच या रोगातला खरा कठीण प्रश्न आहे. रक्ताच्या एका चाचणीने तो सुटतो असा समज अलीकडे पसरला आहे. त्या समजाविषयी, आणि त्याहून अधिक डॉक्टर निवडण्याविषयी, थोडे लिहावेसे वाटते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. बँकेच्या नोकरीत या भागात माझी काही वर्षे गेली आणि निवृत्तीनंतरही तिकडचे जाणे-येणे सुटलेले नाही. डहाणू गावात आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात आता चिकूचे बागायतदार, व्यापारी, निवृत्त शिक्षक, रेल्वे आणि वीजकेंद्रातून निवृत्त झालेले लोक, असा साठीपुढचा मोठा वर्ग आहे. त्यांच्यापर्यंत ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’चे पॅकेज पोहोचले आहे. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, आणि यादीच्या शेवटी ‘पीएसए’. ही कसली तपासणी, कशासाठी, हे ना घेणारा सांगत, ना देणारा विचारत. दोन दिवसांनी कागद येतो. त्या शेवटच्या ओळीतला आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि त्या रात्रीपासून घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

पूर्वेकडे वळून महामार्ग ओलांडला की चित्र पालटते. तलासरी तालुक्यात दहांतले नऊ जण आदिवासी. तिथल्या पाड्यांवर पीएसए हा शब्दही बहुतेकांच्या कानांवर गेलेला नसतो. लघवीला वेळ लागतो, रात्री पाच-पाच वेळा उठावे लागते, हे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. कंबर दुखते ती आयुष्यभर ओझी वाहिल्यामुळे, असेच घरचे धरून चालतात. भगताकडे जाणे होते, नाक्यावरच्या कुणा ‘डॉक्टर’कडून सुई टोचून घेणे होते. एके दिवशी लघवी साफ अडते किंवा पायांतले बळ जाते, आणि मग गाडी करून वापीकडे नाहीतर सिल्वासाकडे धाव. तोपर्यंत रोग हाडांत पोहोचलेला असतो.

एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या वाटेवर, एकीकडे ज्याला काही त्रास नाही त्याची तपासणी होते आणि दुसरीकडे ज्याला वर्ष-दोन वर्षे त्रास आहे त्याची होत नाही. दोन्ही ठिकाणी उणीव एकाच गोष्टीची आहे. समजावून सांगणारा, विश्वासाचा डॉक्टर मध्ये नाही.

आता ही ग्रंथी म्हणजे काय ते पाहू. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते, अक्रोडाची चिकूएवढी होते, आणि मधली नलिका आवळली जाते. धार बारीक होणे, थेंब थेंब होणे, रात्री उठावे लागणे ही त्याची लक्षणे. ही वाढ साधी असते. ती कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोग होतो असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांनी या साध्या वाढीवरचे आपले उपचार जाहीर केले, तेव्हा तिकडच्या हजारो पुरुषांनी या विषयाची माहिती शोधली. आपल्याकडे हा विषय अजून घरातल्या घरातही निघत नाही.

कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला नलिकेवर दाब येत नाही आणि लक्षण असे काही दिसत नाही. म्हणूनच रक्ताच्या चाचणीचा मोह पडला. पीएसए हे या ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. तो वाढला तर शंका घ्यावी, हे बरोबर. पण तो साध्या वाढीनेही वाढतो, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढतो, नुकतीच नळी घातली असेल तरी वाढतो. उलट साध्या वाढीवर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्या काही महिने घेतल्या की हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगितले नाही, तर चांगला दिसणारा कागदही फसवा ठरू शकतो. चार हा आकडा सीमारेषा म्हणून धरण्याची पद्धत आहे. पण चारच्या खालच्यांतही कर्करोग सापडतो आणि चारच्या वरच्या पुष्कळांना तो नसतो. या आकड्याने फक्त पुढचा प्रश्न विचारता येतो. निकाल त्यावर देता येत नाही.

मग सरसकट सगळ्या पुरुषांची ही चाचणी करावी की नाही? यावर जगातल्या वैद्यकांत गेली तीस वर्षे वाद चालू आहे. युरोपात १९९३ पासून काही देशांनी मिळून एक मोठी पाहणी केली. अमेरिकेतही तशीच एक झाली. दोन्हींचे पहिले निष्कर्ष २००९ च्या मार्चमध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. युरोप म्हणाला, फायदा आहे. अमेरिका म्हणाली, दिसत नाही. अमेरिकेच्या पाहणीत ज्यांची चाचणी व्हायची नव्हती त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती बाहेर करून घेतली होती, हे त्यामागचे मोठे कारण. ज्या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या ग्रंथीतील विशिष्ट द्रव्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले त्यांतले एक, रिचर्ड अॅबलिन, यांनीच २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या चाचणीच्या सरसकट वापरावर कडक टीका केली.

युरोपातल्या पाहणीचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये आला. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे किती? ४५६ पुरुषांना बोलावले तेव्हा एकाचा मृत्यू टळला, आणि त्या एकामागे बारा जणांच्या कर्करोगाचे जादा निदान झाले. डहाणूच्या आगारातून नऊ एसटी गाड्या भरून पुरुष निघाले अशी कल्पना करा. त्यांतला एक वाचला. बाराजणांच्या कपाळी कर्करोगाचा शिक्का बसला, आणि त्यांतल्या कित्येकांना तो रोग आयुष्यभर कळला नसता तरी चालले असते. वाचलेल्या त्या एकाच्या घरी विचाराल तर चाचणी म्हणजे देवदूत. आणि नको असलेल्या शस्त्रक्रियेनंतर ज्याचा लघवीवरचा ताबा गेला, पती-पत्नीचे संबंध संपले, त्याच्या घरी विचाराल तर उत्तर वेगळे येईल. दोन्ही घरे खरेच बोलत असतात.

अमेरिकेतल्या सरकारनियुक्त तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ मध्ये ही चाचणी नकोच म्हटले. २०१८ मध्ये त्यांनी मत बदलले. पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात प्रत्येकाने डॉक्टरांशी फायदे-तोटे बोलून स्वतः ठरवावे, आणि सत्तरीनंतर त्रास नसताना करू नये, असे ते म्हणाले. मे २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा कर्करोग हाडांत पसरल्यावर लक्षात आला आणि त्यांची शेवटची ज्ञात पीएसए चाचणी २०१४ सालची होती असे कळले, तेव्हा तिथे पुन्हा वाद पेटला. आपल्या देशात तीस वर्षांवरील लोकांसाठी सरकारची जी कर्करोग तपासणी आहे ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. प्रोस्टेट त्यात नाही. म्हणजे हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, किंवा आई-बहिणींत स्तनाचा वा बीजांडाचा कर्करोग असेल, तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोलावे. इतरांनी पन्नाशी-पंचावन्नाशीत. मी चाचणीच्या विरोधात नाही. चाचणीच्या आधी बोलणे व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण आकडा वाढला की पुढे एक साखळी सुरू होते. आकडा वाढला, काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा. पुन्हा वाढलेला, तर बोटाने तपासणी आणि एमआरआय. त्यात शंकास्पद काही दिसले, तर सुईने तुकडे काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी. तिच्यात कर्करोग सापडला, तर त्याची प्रत. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात घालून दिलेल्या पद्धतीने ती ठरते. आज अहवालात सहा ते दहा असा आकडा येतो. सहा म्हणजे सौम्य, नऊ-दहा म्हणजे जहाल. साखळीच्या प्रत्येक कडीवर थांबता येते किंवा पुढे जाता येते. कुठे थांबायचे, हे सांगणारा माणूस म्हणजे डॉक्टर. यंत्र ते सांगत नाही.

सौम्य प्रकारात ‘लक्ष ठेवणे’ हाही उपचारच असतो. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते. एकाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार, तिसऱ्यावर नुसते नियमित लक्ष. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, हिशेब मांडला तेव्हा तिन्ही गटांत जवळजवळ ९७ टक्के लोक या रोगाने दगावलेले नव्हते. बँकेत काही कर्जखाती अशी असत की त्यांच्यावर लगेच दावा लावायचा नसे. दर तिमाहीला साठा पाहायचा, हप्ता पाहायचा, बिघाड दिसला तर पाऊल उचलायचे. घाईने जप्ती नेली तर चांगला चाललेला धंदा बुडायचा आणि पैसेही जायचे. पण लक्ष ठेवणारा अधिकारी जागा हवा. रोगाचेही तसेच आहे. लक्ष ठेवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे.

म्हणजे गाडी फिरून डॉक्टरांपाशीच येते. चांगला डॉक्टर कसा ओळखावा? इमारतीवरून, वातानुकूलित प्रतीक्षागृहावरून, भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून तो ओळखता येत नाही. माझ्या मते पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नोंदणी आणि पदवी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर अॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी पाहता येते. घरातली नातवंडे ते दोन मिनिटांत करून देतील. या आजारासाठी मूत्ररोगतज्ज्ञ हवा, म्हणजे त्या विषयातली एम. सीएच. किंवा डीएनबी पदवी हवी. दुसरी, तो चाचणी लिहून देण्याआधी विचारतो का? वय, घरातला इतिहास, चालू गोळ्या, त्रास किती दिवसांचा. न विचारता लिहून देणारा आणि न विचारता घाबरवणारा, दोघांपासून सावध राहावे. तिसरी, तो इतर मार्ग सांगतो का? शस्त्रक्रिया करणाऱ्याने किरणोपचारवाल्याचेही मत घ्या म्हटले, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. चौथी, तुमच्या वयाचा विचार तो करतो का? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या माणसाला सौम्य रोगासाठी ‘उद्याच दाखल व्हा’ म्हणणारा डॉक्टर घाई कुणासाठी करतो आहे, असा प्रश्न मनात यायला हवा. आणि पाचवी, दुसरे मत घेतो म्हटल्यावर त्याच्या कपाळावर आठी पडते का?

बँकेत व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून पास करायचे, हा साधा नियम असतो. लिहिणारा अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. कोणताही माणूस चुकू शकतो म्हणून. कुणी कारकून त्याने दुखावला जात नाही. मग आयुष्यभराच्या परिणामांचा निर्णय एकाच सहीवर का घ्यावा? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. रुग्णालयातील कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळावीत असा २००२ पासूनचा नियम आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात निर्वाळा दिला आहे, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. त्या बाई तपासणीसाठी भुलेखाली होत्या आणि त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशय काढले गेले होते. प्रत्येक रुग्णाने घरी लिहून ठेवावा असा हा निकाल आहे.

वैद्यकीय व्यवसायात ‘कट’ची कीड आहे, हे आता प्रामाणिक डॉक्टरच सांगतात. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अशा अनेक डॉक्टरांना बोलते केले आणि ते पुस्तकरूपाने मांडले. राज्य सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला. गाडी मसुद्यापुढे सरकली नाही. पण या कारणाने सगळ्याच डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे मूर्खपणाचे आणि कृतघ्नपणाचे होईल. डहाणूसारख्या गावात अजून असे फॅमिली डॉक्टर आहेत, ज्यांना तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ आहेत. मोठ्या तज्ज्ञाकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यानंतर, त्यांच्यासमोर कागद ठेवून ‘डॉक्टरसाहेब, तुमचे वडील असते तर काय केले असते?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा खरे मिळते.

डॉक्टरच्या खरेपणाची किंमत काय, हे फ्रान्सने पाहिले आहे. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना १९८१ मध्ये निवडून आल्यावर काही महिन्यांतच हा कर्करोग हाडांपर्यंत गेलेला आढळला. त्यांच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे ‘प्रकृती उत्तम’ अशी पत्रके काढली. १९९२ मध्ये रोग जाहीर झाला आणि जानेवारी १९९६ मध्ये मितराँ वारले. मग त्याच डॉक्टरांनी पुस्तक लिहून सारे उघड केले. या गोष्टीत आपल्यासाठी एक दिलासाही आहे. रोग हाडांत गेलेला असतानाही उपचारांवर हा माणूस चौदा वर्षे जगला आणि त्यातली बहुतेक वर्षे त्याने देशाचा कारभार केला. प्रत्येकाचे तसे होईल असे नाही, पण उशीर झाला म्हणजे सगळे संपले असेही नाही.

तलासरीसाठी हे फार महत्त्वाचे आहे. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. ते संप्रेरक थांबवले की हाडांचे दुखणे पुष्कळदा थोड्याच दिवसांत उतरते. त्यासाठी इंजेक्शने आहेत, किंवा वृषणे काढण्याची एकदाच करायची लहान शस्त्रक्रिया आहे. पुन्हा पुन्हा मुंबईला येणे ज्याला परवडत नाही, त्याला ही शस्त्रक्रिया सोयीची ठरू शकते. मात्र तिचा अर्थ नवरा-बायको दोघांनाही त्यांच्या भाषेत समजावून सांगायला हवा. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. कोणते रुग्णालय योजनेत आहे हे आधी विचारावे, आणि सीमेपलीकडे गुजरातेतही ती चालेल असे गृहीत धरू नये. आणि परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून गरिबांसाठी उघडे आहे. डहाणूहून लोकल आणि गाड्या आहेत. तलासरीला रेल्वे नाही, तिथल्या रुग्णाचा पहिला टप्पा एसटी नाहीतर जीप. म्हणून त्याला योग्य दारी एकाच खेपेत पोहोचवणे, हेच मोठे काम आहे.

त्यासाठी पीएसएची शिबिरे नकोत. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात, कासा-डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयांत, प्रत्येक आरोग्य केंद्रात पन्नाशीपुढच्या पुरुषाला, तो खोकल्यासाठी आला असला तरी, चार प्रश्न विचारले जावेत. रात्री किती वेळा उठता? धार अडते का? लघवीतून रक्त जाते का? कंबर, पाठ सतत दुखते का? ज्याला त्रास आहे त्याची तपासणी हे ‘स्क्रीनिंग’ नव्हे, ते निदान आहे, आणि त्यावर जगात कुठेही वाद नाही. पायांतले बळ जाणे आणि लघवी बंद होणे ही त्याच दिवशी रुग्णालयात न्यायची लक्षणे आहेत, एवढे आशाताईंनी पाड्यापाड्यावर सांगितले तरी काही माणसे पायांवर उभी राहतील. डहाणूच्या ज्येष्ठ नागरिक संघांनीही शिबिर भरवण्याआधी एखाद्या तज्ज्ञाचे तासभराचे व्याख्यान ठेवावे. ‘आकडा वाढला तर पुढे काय?’ हा त्याचा विषय असावा. त्यानंतर ज्याला चाचणी करायची त्याने जरूर करावी.

घरातल्या स्त्रियांना एक विनंती. आपला माणूस रात्री किती वेळा उठतो हे तुम्हांलाच ठाऊक असते. तो संकोचाने बोलणार नाही. दवाखान्यात तुम्ही बरोबर जा आणि तुम्ही सांगा. प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या आणि उत्तरे त्याच कागदावर उतरवून आणा.

१९४५ साली झरीच्या सभेत वारली शेतमजुरांनी वेठ करणार नाही असे ठरवले. पिढ्यान् पिढ्या मालकासमोर मान खाली घालून उभी राहिलेली माणसे गोदावरी परुळेकरांच्या साथीने प्रश्न विचारू लागली. त्या मातीतल्या माणसाला डॉक्टरसमोर तोंड उघडणे अवघड जावे, आणि डहाणूतल्या शिकल्यासवरल्यालाही तेवढेच अवघड जावे, हे बरे नाही. चांगला डॉक्टर प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या खुर्चीसमोरून उठून यावे. एवढे जमले तरी चाचणीचा कागद हातात आल्यावर आपण एकटे पडणार नाही.